'हौस' या शब्दाबद्दल: एका वाचकाच्या प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय बंधू,

शरीराची निगा राखणे हीसुद्धा उपासना आहे, या आशयाच्या माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली आणि चार दिवस उत्तर देण्याचे टाळले, कारण पहिल्याच दिवशी लिहिले असते तर ते उत्तर विश्वासी व्यक्तीला शोभले नसते. ज्यांच्या वाचनात ती आली नसेल त्यांच्यासाठी आपले म्हणणे थोडक्यात सांगते. शारीरिक कसरत थोड्याच बाबतीत उपयोगी आहे असे प्रेषित पौलाने आपला सहकारी तीमथ्य याला लिहिले असताना मी तिला भक्तीच्या पंक्तीला नेऊन बसवले. शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे हे त्याने करिंथकरांस, म्हणजे करिंथ शहरातील ख्रिस्ती मंडळीला, लिहिलेले वचन जारकर्माविषयी असताना मी ते चालणे, झोप आणि औषधपाणी यांच्यासाठी वापरले. अशा लिखाणाने आजारी वाचकांना अपराधी वाटेल. आणि एलीया या संदेष्ट्याची गोष्ट मी चुकीची सांगितली. आपण एवढ्यावर थांबला असता तर ही चर्चा शास्त्राची झाली असती. पण शेवटी आपण लिहिलेत, "बहिणी, तुम्ही स्वतःच्या हौसेला वचनांची झालर लावली आहे. आधी शास्त्र गुडघे टेकून वाचा, मग लोकांना शिकवा."

जी चूक झाली ती आधी मान्य करते. 'आता पुरे, माझा प्राण घे' अशी प्रार्थना करून रतामाच्या झाडाखाली निजलेल्या एलीयाला देवदूताने एकदा उठवून खाऊ घातले, असे मी लिहिले होते. देवदूत दोनदा आला होता. पहिल्यांदा भाकर खाऊन आणि पाणी पिऊन एलीया पुन्हा झोपला. देवदूताने त्याला दुसऱ्यांदा उठवले आणि पुढची वाट तुला झेपणार नाही म्हणून खा, असे सांगितले. त्या अन्नाच्या बळावर तो 40 दिवस आणि 40 रात्री चालून होरेब या देवाच्या डोंगरापर्यंत पोहोचला. लेखातील वाक्य दुरुस्त केले आहे आणि चूक दाखवल्याबद्दल मी आपली आभारी आहे. मात्र या दुरुस्तीने माझा मुद्दा खोटा ठरत नाही, तो अधिक पक्का होतो. थकून मरण मागणाऱ्या आपल्या संदेष्ट्याला देवाने प्रथम बोध केला नाही; त्याला झोपू दिले, जेवू घातले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा जेवू घातले, आणि 'एलीया, तू येथे काय करतोस?' हा प्रश्न होरेबला पोहोचल्यावर विचारला.

आता 'हौस' या शब्दाकडे वळते, कारण आपल्या प्रतिक्रियेतील हाच एक शब्द माझ्या मनातून जात नाही. हौस म्हणजे मनाला वाटले तर करायची आणि कंटाळा आला की सोडून द्यायची गोष्ट. हौसेला मोल नसते, असे आपण सहज म्हणतो. ज्या वचनाला मी झालर केले असा आपला आरोप आहे, त्या वचनात पौल नेमका मोलाचाच विषय काढतो: तुम्ही स्वतःचे मालक नाही, कारण तुम्ही मोलाने विकत घेतलेले आहात. माझ्या लेखाचा सगळा डोलारा या एका वाक्यावर उभा आहे. जे शरीर माझे नाही ते हौसेने नटवण्याचा अधिकार मला नाही हे खरे, पण ते आळसाने, अतिश्रमाने किंवा फाजील धार्मिकतेने झिजवून टाकण्याचाही अधिकार मला नाही. मालकाने सोपवलेल्या मळ्याची राखण करणाऱ्या कारभाऱ्याला कोणी हौशी म्हणत नाही.

गुडघ्यांचा उल्लेख आपण केलात म्हणून सांगावे लागते, नाहीतर हे चारचौघांत मांडण्याची माझी इच्छा नव्हती. माझे वडील सुवार्तिक, म्हणजे घरोघरी येशूची सुवार्ता सांगणारे, होते. त्यांच्या गुडघ्यांना घट्टे पडलेले होते, आणि पहाटे त्यांच्या खोलीतून येणारा प्रार्थनेचा आवाज ही माझ्या बालपणाची पहिली आठवण आहे. त्यांना मधुमेह होता. गोळ्या पुरेनाशा झाल्यावर डॉक्टरांनी इन्सुलिन सुचवले आणि वडिलांनी नकार दिला. ज्याने शरीर घडवले तो ते सांभाळील, सुईवर विसंबणे हा अविश्वास आहे, असे ते म्हणत. प्रार्थनासभेत त्यांच्या या निर्धाराचे कौतुक होत असे. एका संध्याकाळी ते दिवसभराच्या भेटीगाठी आटोपून घरी आले, मी त्यांचे बूट काढले आणि डाव्या बुटातून जमिनीवर टणकन एक खिळा पडला. बोटाच्या पेराएवढा, वाकलेला खिळा. मोजा तळव्याला चिकटला होता, तो मी कोमट पाण्याने भिजवून सोडवला. ते माझ्याशी त्या दिवशी भेटलेल्या कुटुंबाविषयी बोलत होते आणि मी तो मोजा ओढत असताना त्यांच्या बोलण्यात खंडही पडला नाही. त्यांना काहीच जाणवत नव्हते. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पायांच्या नसा बधिर होतात, रक्तपुरवठा मंदावतो आणि जखम झाली तरी मेंदूपर्यंत निरोप पोहोचत नाही, हे मला पुढे डॉक्टरांनी समजावले. ती जखम चिघळली. आधी दोन बोटे गेली आणि नंतर घोट्याच्या वरून पाय.

त्यानंतरची सहा वर्षे त्यांची सेवा मी आणि आईने केली, आणि त्यात मला कधी ओझे वाटले नाही. पण ज्या घरांत सुवार्ता न्यायची म्हणून ते बूट घालत होते, त्या घरांत त्यांना पुन्हा जाता आले नाही. शेवटच्या वर्षी त्यांनीच मला सांगितले की मी देवावर भरवसा ठेवला असे मला वाटले, पण मी त्याची परीक्षा पाहत होतो. हे त्यांचे शब्द आहेत, माझे नाहीत. सैतानाने येशूला मंदिराच्या शिरोभागी उभे करून खाली उडी टाकायला सांगितले तेव्हा त्यानेसुद्धा शास्त्रातलेच वचन पुढे केले होते, देवदूत तुला हातांवर झेलतील असे 91 व्या स्तोत्रातले. येशूने ते वचन खोटे म्हटले नाही. परमेश्वर तुझा देव याची परीक्षा पाहू नको, एवढेच उत्तर दिले. कड्यावरून उडी टाकणे आणि हाताशी असलेले औषध नाकारणे यांत मला फारसा फरक दिसत नाही. इन्सुलिनचा शोध 1921 साली लागला आणि जानेवारी 1922 मध्ये टोरांटोत ते प्रथम एका 14 वर्षांच्या मुलाला दिले गेले. त्याआधी ज्यांच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नसे अशा मुलांना उपाशी ठेवून थोडे दिवस वाढवण्यापलीकडे वैद्यांच्या हाती फारसे काही नव्हते. इतक्या मुलांच्या मरणानंतर मिळालेल्या त्या औषधाला देवाची कृपा म्हणायचे की अविश्वासाची सुई, हे आपणच सांगावे.

मधुमेह मलाही आहे. रोज सकाळी मी तासभर चालते, घरी आल्यावर पलंगाच्या कडेला बसून हातात लहान आरसा धरते आणि दोन्ही तळवे, टाचा, बोटांमधल्या बेचक्या एकेक करून पाहते. बूट घालण्याआधी तो उलटा करून झटकते. हे करताना मी प्रार्थना करते, आणि ती प्रार्थना गुडघे टेकून केलेल्या प्रार्थनेपेक्षा कमी प्रतीची आहे असे मी मानत नाही. बंधू, याला आपण हौस म्हणालात. माझ्याविषयी काही ठाऊक नसताना म्हणालात.

पौलाच्या वाक्याविषयी एवढेच, की 'थोड्याच बाबतीत उपयोगी' याचा अर्थ निरुपयोगी असा होत नाही. शिवाय ज्या पत्राच्या चौथ्या अध्यायातील वचन आपण माझ्यासमोर ठेवलेत, त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात तोच पौल तीमथ्याला नुसते पाणी न पिता पोटासाठी आणि वारंवारच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घेण्यास सांगतो. आपल्या विश्वासू सहकाऱ्याच्या पोटाची काळजी करणाऱ्या प्रेषितालाही आपण हौशी म्हणणार का? आणि देहाला तुच्छ लेखणे हे अधिक आध्यात्मिक असल्याची समजूत मंडळीत नवी नाही. पहिल्या काही शतकांत काही जण ख्रिस्ताला खरे शरीर नव्हतेच, तो केवळ तसा भासत होता, असे शिकवत. मंडळीने ते पाखंड ठरवले, आणि 451 साली खाल्केदोन येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने ख्रिस्त खरा देव आणि खरा मनुष्य आहे, त्याला आत्मा होता आणि शरीरही होते, हे स्पष्ट शब्दांत मांडले. बेनेडिक्ट या ख्रिस्ती मठवासी संताने सहाव्या शतकात आपल्या मठांसाठी जी नियमावली लिहिली तिच्या 36 व्या प्रकरणात आजाऱ्यांची काळजी सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांच्या वर ठेवली आहे, आणि ती लिहिणारा माणूस प्रार्थनेत कमी पडणारा नव्हता.

करिंथकरांस लिहिलेल्या वचनाचा संदर्भ मला ठाऊक आहे. वेश्यागमनापासून दूर राहायला सांगण्यासाठी पौल ते लिहितो, पण त्यासाठी जे कारण देतो ते संपूर्ण शरीराला लागू होते, म्हणून मी ते तसे वापरले आणि पुढेही वापरीन. आजारी वाचकांना अपराधी वाटेल या आक्षेपावर मी थांबत नाही; आजार हा विश्वासाच्या उणिवेचा पुरावा आहे असे एकही वाक्य माझ्या लेखात नाही, आणि जे मी लिहिलेच नाही त्याचे उत्तर देण्यास मी बांधील नाही.

आपली प्रतिक्रिया मी काढून टाकणार नाही, ती लेखाखाली जशीच्या तशी राहील. मी शास्त्र कसे वाचते हे आपण पाहिलेले नाही, तेव्हा ते वाक्य मी सोडून देते. 'हौस' हा शब्द मात्र आपण मागे घ्यावा, अशी माझी आपल्याला विनंती आहे.