घरबसल्या फाशी कशी द्यावी

परवा मंगळवारी दुपारी दोनच्या सुमारास कोर्टातून घरी आलो, बूट काढले, मोबाईल चालू केला, तर सोसायटीच्या ग्रुपवर तोवर चौदा जणांनी फाशी सुनावलेली होती. सकाळी कुठलीशी बातमी आली, साडेदहाला आरोप ठेवला गेला, अकराला पुरावा संपला, बाराच्या आत निकाल. एकाने फाशी रद्द करून 'भर चौकात दगडांनी' अशी दुरुस्ती सुचवली होती, तिला नऊ अंगठे पडले होते. अपील वगैरे भानगड नाही.

तेवढ्याच वेळात माझ्या कोर्टात काय झालं? पुढची तारीख पडली.

तेव्हा मला कळून चुकलं की मी न्याय भलत्याच ठिकाणी शोधतो आहे. ग्रुपवरच्या थोरामोठ्यांकडून इतक्या वर्षांत जे शिकलो, ते नवशिक्यांच्या उपयोगी पडावं म्हणून इथे देतो.

पहिली गोष्ट, बातमी पूर्ण वाचायची नाही. मथळा पुरतो.

मथळ्यात आरोपीचं आडनाव असेल तर ते मात्र नीट वाचा. सगळा निकाल त्यावर आहे. आडनाव 'त्यांच्यातलं' असेल तर लिहायचं 'नराधम'. 'आपल्यातलं' निघालं तर लिहायचं 'पोरगं चांगल्या घरचं आहे, गोवलंय त्याला' आणि 'कायद्याला त्याचं काम करू द्या'. हे शेवटचं वाक्य फक्त आपल्या माणसासाठी राखून ठेवलेलं असतं, चुकूनही दुसऱ्यासाठी वापरू नका.

तुरुंगात असलेला प्रत्येक जण गुन्हेगार समजावा. एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी विभागाच्या, २०२२ च्या आकडेवारीत देशभरातल्या सुमारे ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही असे. पण असले आकडे ग्रुपवर टाकलेत तर 'मग घरी नेऊन पोसा' असं उत्तर येतं. मला आलं आहे.

एन्काउंटरच्या बातमीला विशेष तयारी लागते. पेढे आधी आणून ठेवा. डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादला बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मेले तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली, आपल्याकडेही त्या दिवशी 'न्याय मिळाला' असे संदेश फिरले. पुढे न्यायमूर्ती सिरपूरकरांच्या आयोगाचा अहवाल २०२२ मध्ये बाहेर आला. पोलिसांची हकिकत बनावट आहे, मेलेल्यांपैकी तिघे अल्पवयीन असावेत आणि संबंधित पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा, असं त्यात होतं. सिरपूरकर आपल्या विदर्भातले, पण म्हणून अहवाल वाचायलाच पाहिजे असं काही नाही. पेढे तोवर संपलेले असतात. सप्टेंबर २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुरड्यांवरच्या अत्याचारातला आरोपी पोलीस गाडीतच गोळी लागून मेला तेव्हा 'बदला पुरा' असे फलक झळकले. पुढच्या जानेवारीत न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पाच पोलिसांवर ठपका आला, त्याचा फलक मात्र मला कुठे दिसला नाही. त्या दोन चिमुरड्यांच्या बाबतीत शाळेत नक्की काय घडलं, कोणी कानाडोळा केला, हे आरोपीला पिंजऱ्यात उभं करून विचारता आलं असतं. पण पिंजऱ्यात उभं करायला वेळ लागतो, आणि आपल्याला संध्याकाळी बाहेर जेवायला जायचं असतं.

सुटकेचा निकाल आला तर न्यायाधीश विकला गेला म्हणायचं. फाशीचा आला तर न्यायव्यवस्थेवरचा विश्वास वाढला म्हणायचं. आता ११ जुलै २००६ च्या मुंबईतल्या लोकल स्फोटांचं पाहा. विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. तेव्हा विश्वास वाढला. २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष सोडलं, त्या दुपारी विश्वास उडाला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे. आता यातला जो निकाल खरा मानाल तो माना, पण एकोणीस वर्षांनी सरकारी पक्षाचा पुरावा असा ढासळतो, याचा जाब तपास करणाऱ्यांना विचारायचा की न्यायाधीशाला? छे, हा प्रश्न लांबलचक आहे. अंगठ्याने टाईप करायला त्रास होतो.

निबंध. मे २०२४ मधल्या पुण्याच्या त्या अपघातानंतर आलिशान गाडीवाल्या अल्पवयीन मुलाला जामिनाच्या अटीत तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला होता, आठवतं ना? त्यावर विनोद करायला विसरू नका, मीही केले होते. त्याच प्रकरणात सरकारी रुग्णालयात रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप झाला आणि डॉक्टरांना अटक झाली. तो भाग विनोदाला तितकासा सोयीचा नाही, तो सोडून द्या.

पंचनाम्यावर सही मागितली तर 'ऑफिसला उशीर होतोय' म्हणा. मग पोलीस आपला ठेवणीतला पंच आणतात, तो बिचारा डझनभर पंचनाम्यांवर तोच असतो, आणि आरोपीचा वकील ते कोर्टात दाखवून पंचनामा फाडून टाकतो. मग तुम्ही 'पोलीस झोपले होते का' असं विचारायला मोकळे.

सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायदेवतेच्या नव्या मूर्तीच्या डोळ्यांवर पट्टी नाही आणि हातात तलवारीच्या जागी संविधान आहे. तलवार कुठे गेली म्हणाल तर आमच्या ग्रुपवर आहे.

आता मुख्य सूचना. एक वेळ बाकी सगळ्या विसरा, ही लक्षात ठेवा. साक्षीदार होऊ नका. कधी, कुठे, कशासाठीही नाही.

मी झालो. २०२१ साली, सकाळी सव्वासहा. आम्ही तिघे नेहमीसारखे फिरायला निघालो होतो. वळणावर एका बाईला गाडीने उडवलं. घरकामाला निघाली होती, हातातली पिशवी उडून दुभाजकावर पडली आणि तिच्यातला स्टीलचा डबा झाकण उघडून घरंगळत माझ्या पायाशी आला. त्यात पोहे होते. पोलीस आले तेव्हा मी नाव सांगितलं, पत्ता सांगितला, गाडी कुठून आली ते सांगितलं. माझ्यासोबतचे दोघे तोवर बागेकडे चालू लागले होते. त्यातल्या एकाला, आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या भाऊंना, हवालदाराने हाक मारून थांबवलं, तर ते म्हणाले, "मी चष्मा आणला नव्हता, मला काही दिसलं नाही." आम्ही रोज सोबत फिरतो. भाऊ चष्म्याशिवाय लिफ्टचं बटणसुद्धा दाबत नाहीत.

मला पहिलं समन्स आलं तीन वर्षांनी. खोटं कशाला सांगू, पहिल्या तारखेला मीही ताप आल्याचं कळवलं होतं. पुढच्या तारखेला गेलो. न्यायाधीश रजेवर. मग वकिलांचं कामबंद. मग आरोपी गैरहजर, वकिलाचा माफीचा अर्ज, मंजूर. पाचव्या तारखेला सरतपासणी, म्हणजे सरकारी वकिलांचे प्रश्न, झाली आणि आरोपीच्या वकिलाच्या उलटतपासाला सुरुवात झाली. तुम्ही चष्मा लावता? लावतो. नंबर काय? सांगितला. फिरायला जाताना लावता? लावतो. त्या दिवशी काचेवर दव होतं का? चार वर्षांपूर्वीचं दव! मी म्हटलं आठवत नाही, ते वकिलाने 'हे म्हणणे खरे आहे की मला आठवत नाही' असं टायपिस्टकडून व्यवस्थित लिहून घेतलं. तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली आणि उलटतपास अर्धा राहिला. सहाव्या तारखेला रेकॉर्ड सापडलं नाही.

परवाची सातवी. रजा टाकली. पावणेअकराला बाकावर जाऊन बसलो. बाकाची एक फळी निघालेली आहे, तिथे कसं बसायचं हे आता मला जमतं. आरोपी माझ्या शेजारीच बसतो. दुसरीकडे जागा नसते हो. गेल्या वेळी त्याने मला पंख्याखाली सरकायला जागा दिली. समोर त्या बाईचा नवरा. तो प्रत्येक तारखेला येतो, त्याला कोणी बोलावलेलं नसतं. कॅरीबॅगमध्ये भाकरी असते. साडेबारापर्यंत आमचा नंबर नाही, बोर्डावर बहात्तर कामं. मग पुकारा झाला, मी उठलो, शर्ट नीट केला, आणि एक ज्युनिअर वकीलीण उभी राहून म्हणाली, "सर सेशन्स कोर्टात आहेत, तारीख मिळावी." सरकारी वकिलांनी फाईलवरून मान वर केली नाही. पुढची तारीख पडली. सगळं मिळून दीड मिनिट.

हे सुरू झालं तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३०९ होतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तेच ३४६ झालं. वकील दुसऱ्या कोर्टात आहे हे तारीख मागायचं कारण होऊ शकत नाही, असं त्यात लिहिलेलं आहे. साक्षीदार हजर असेल तर विशेष कारण नोंदवल्याशिवाय त्याला न तपासता परत पाठवायचं नाही, हेही लिहिलेलं आहे. मी घरी येऊन वाचलं. १ जुलै २०२४ ला तीन कायद्यांची नावं बदलली, चारशेवीस आता तीनशेअठरा झाला, तीनशेदोनचा एकशेतीन झाला. त्या बाकाची फळी कोणत्या कायद्याने बसणार आहे ते कोणी सांगत नाही. आणि हे सगळं कशासाठी? अपघात जुना, म्हणजे कलम जुनं, ३०४-अ, हलगर्जीपणाने मृत्यू घडवल्याचं, जास्तीत जास्त दोन वर्षं. तीही झाली तर.

बाहेर पडताना तो नवरा जिन्यात भेटला. म्हणाला, "साहेब, पुढच्या वेळी येणार ना?" एवढंच.

मग मी घरी आलो आणि ग्रुप उघडला. चौदातली सर्वात वरची फाशी कोणाची होती? भाऊंची. 'अशांना कोर्टात नेताच कशाला, जागेवर गोळ्या घाला. जय हिंद.' खाली हात जोडलेले.

भाऊ, पुरे झालं आता. तुमच्यासमोर बाई मेली. तुमच्यासमोर, पंधरा पावलांवर. तुम्हाला गाडीचा रंग माहीत होता, तिने वळण कसं घेतलं ते माहीत होतं, त्या दिवशी संध्याकाळी खाली बाकड्यावर बसून तुम्ही आम्हा सगळ्यांना सविस्तर सांगितलंत. आज तुम्ही दुसरे साक्षीदार असतात तर माझ्या चष्म्यावरच्या दवाला कोणी विचारलं नसतं. गोळ्या घाला म्हणे! दोन ओळींचा जबाब द्यायला तुमची जीभ उचलली नाही, आणि दुसऱ्याच्या हाताने गोळ्या घालायला निघालात. कायदा ढिला आहे म्हणता, त्याला धरून ठेवायला तुम्ही बोट तरी लावलंत का? पोलीस नालायक म्हणता, तो हवालदार तुमच्यासमोर वही उघडून उभा होता. तुम्हाला शिक्षा हवी असते ती लांबच्या माणसाला, टीव्हीतल्या, ज्याच्यासाठी रजा टाकावी लागत नाही. आणि हे तुम्हाला एकट्यालाच नाही म्हणत. बाकी तेराजण तुमच्याइतकेच आहेत, फक्त त्यांच्यासमोर अजून कोणी मेलेलं नाही.

उगाच आवाज चढला. असो. सरकारी पक्ष अर्ज करून नवा साक्षीदार आणू शकतो, मी परवाच सरकारी वकिलांना जिन्यात विचारून घेतलं. पुढची तारीख तेवीसला आहे. मी सव्वादहाला खाली स्कूटर काढतो. चष्मा घेऊन या.