मुंबईच्या विद्यापीठांचा डोंगराशी काय संबंध? एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

पावसाळ्यात कुठे दरड कोसळली की एक मजकूर मोबाइलवर फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच राहतात. डोंगरांच्या शाश्वत विकासासाठी विद्यापीठांनी एकत्र येऊन संशोधन करायचं, अभ्यासक्रम चालवायचे, हे हिमालयातलं काम आहे. मुंबईने त्यात पडू नये. पाहायचं ते सगळं उपग्रहातून दिसतं आणि त्यासाठी एक आयआयटी पुरते. हिमालयात जे शिकले ते इथे जसंच्या तसं लावावं. त्यापेक्षा त्या पैशात झाडं लावावीत. आणि विद्यापीठांचे सामंजस्य करार म्हणजे शाल, श्रीफळ आणि फोटो.

यातला शेवटचा मुद्दा बराचसा खरा आहे, म्हणून तो शेवटी सविस्तर घेऊ. बाकीचे खरे नाहीत.

‘मुंबईचा संबंध नाही’ हे तर नळ उघडला की खोटं ठरतं. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी विहार आणि तुळशी हे शहरातल्याच राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्यांमध्ये आहेत. तानसा, भातसा, मोडक सागर, मध्य वैतरणा आणि ऊर्ध्व वैतरणा हे पाच सह्याद्रीच्या उतारांवरून येणारं पाणी साठवतात. सातही भरले की साठा १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर होतो. भातसा आणि तानसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातो. आपण ज्या डोंगराचं पाणी पितो त्याच्या माथ्यावरचा माणूस एप्रिलमध्ये तहानलेला असेल, तर तो प्रश्न मुंबईचाही आहे. दरडींचं म्हणाल तर २००० सालच्या जुलैत घाटकोपरला आणि २०२१ च्या जुलैत चेंबूर-विक्रोळीला उतारावरच्या वस्त्यांमध्ये माणसं गाडली गेली. डोंगर शहराच्या पोटातच आहे.

आता उपग्रह. हा दावा सगळ्यांत घातक आहे, कारण तो शास्त्रीय वाटतो. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या, सर्वांना मोफत मिळणाऱ्या प्रतिमेतला एक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा असतो आणि तीच जागा साधारण ५ दिवसांनी पुन्हा टिपली जाते. सह्याद्रीत दरडी मुख्यतः जुलै-ऑगस्टमध्ये पडतात आणि त्याच काळात वर ढगांचं छत असतं. मग रडारवाला सेंटिनेल-१ सुचवला जातो. तो ढगांतून पाहतो हे खरं, पण तिरपा पाहतो. उभ्या कड्याची पलीकडची बाजू सावलीत जाते आणि दाट झाडोऱ्यात दोन तारखांच्या प्रतिमांचा मेळ बसत नाही. माथ्यावर आडवी पडलेली चार बोटं रुंदीची भेग यांपैकी कशातच दिसत नाही. ती गुराख्याला दिसते.

भेग दिसल्यावर काय करायचं, हे शिकवणं मात्र विद्यापीठाचं काम. दोन्ही काठांवर, काठापासून हातभर मागे, समोरासमोर लोखंडी खुंट्या ठोकायच्या. अशा तीन-चार जोड्या भेगेच्या लांबीवर हव्यात. अंतर मीटरपट्टीने आठवड्याला एकदा आणि जोराच्या पावसात रोज मोजायचं, पण भेगेच्या खालच्या बाजूला उभं राहून नाही. अंतर वाढत असेल, खालच्या झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं असेल किंवा आटलं असेल, झाडं-खांब कलले असतील, तर वस्ती त्याच दिवशी हलवायची. रात्र पडायची वाट पाहायची नाही. रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ ला दरड आली ती रात्रीच.

इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असं सरकारनेच विधानसभेत सांगितलं. ते का घडू शकतं, हे नकाशाच्या प्रमाणातून कळतं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे देशव्यापी दरडप्रवणता नकाशे १:५०,००० प्रमाणाचे आहेत. म्हणजे नकाशावरचा १ सेंटिमीटर जमिनीवर ५०० मीटर. २०० मीटर रुंदीची वाडी त्यावर ४ मिलिमीटरची होते. जिल्ह्याच्या नियोजनाला तो नकाशा उत्तम आहे. कुठलं घर हलवायचं ते त्यावरून ठरत नाही. त्यासाठी १:५,००० च्या आसपासचा नकाशा लागतो आणि तो चालत करावा लागतो: उताराचा कोन, मातीच्या थराची जाडी, पाणी कुठून पाझरतं, जुन्या दरडीचा राडारोडा कुठे पडला आहे. सह्याद्रीतल्या हजारो वाड्यांसाठी हे एक संस्था करू शकत नाही. आयआयटी मुंबईचं सितारा हे केंद्र १९८५ पासून ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करतं, पण कुठलीही एक संस्था एकाच वेळी भूशास्त्र, मातीच्या ताकदीची चाचणी, उतारावरची नाचणी-वरी, पुनर्वसनाचं समाजशास्त्र आणि रोजची पर्जन्यनोंद सांभाळू शकत नाही. त्यासाठी दापोलीचं कृषी विद्यापीठ लागतं, टाटा समाजविज्ञान संस्थेसारखी संस्था लागते, आणि या सगळ्यांइतकंच गरजेचं म्हणजे कर्जत, शहापूर, जव्हार, महाडचं स्थानिक महाविद्यालय. जुलैत तिथे हजर असतं ते तेच.

पर्जन्यनोंदीचं उदाहरण घ्या. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि रस्त्याने वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या निम्म्याहूनही कमी. तेव्हा तालुक्याच्या गावातल्या एका मापकावरून वरच्या वाडीचा पाऊस ठरवता येत नाही. शिवाय सकाळी साडेआठ ते साडेआठ असा २४ तासांचा आकडा थोड्या वेळात कोसळलेला पाऊस लपवतो. २०० मिलिमीटर दिवसभरात पडणं वेगळं आणि चार तासांत पडणं वेगळं. मातीतल्या पाण्याचा दाब दुसऱ्या वेळी झपाट्याने चढतो. म्हणून दर १५ मिनिटांची नोंद करणारा स्वयंचलित मापक हवा. त्याची तपासणी पावसाळ्याआधी अशी करता येते: मापकाच्या तोंडाचं क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर असेल तर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे २० मिलिलिटर पाणी. १ लिटर पाणी तासभरात थेंबथेंब सोडलं तर ५० मिलिमीटर नोंदले गेले पाहिजेत. मापकातली छोटी वाटी भरली की पलटते आणि ती पलटी मोजली जाते; प्रत्येक पलटीला अर्धा मिलिमीटर असेल तर १०० पलट्या. कमी भरल्या तर बहुधा आत पान, मुंगी किंवा कोळ्याचं जाळं असतं, किंवा पाणी फार वेगाने ओतलं गेलेलं असतं. शेजारी एक साधा हाताने मोजायचा मापक ठेवावाच. महिन्याच्या बेरजेत दोघांचा फरक १० टक्क्यांवर गेला की स्वयंचलित मापक साफ करून पुन्हा तपासायचा. हे काम अवघड नाही, पण ते करणारा माणूस चालत पोहोचेल इतक्या अंतरावर हवा.

‘हिमालयातलं जसंच्या तसं लावा’ यात ज्ञानाचा प्रवासही उलटा सांगितला जातो. काठमांडूच्या इसिमोड या डोंगरी प्रदेशांच्या विकासावर काम करणाऱ्या संस्थेत मुख्यालय असलेलं हिमालयीन विद्यापीठांचं जाळं २००७ साली सुरू झालं आणि ते हिंदुकुश-हिमालयातल्या आठ देशांचं आहे. सह्याद्री त्याच्या भूगोलात बसतच नाही. पण झरे जिवंत करण्याची जी टप्प्याटप्प्याची पद्धत इसिमोडने हिमालयासाठी मांडली, ती पुण्याच्या अ‍ॅक्वाडॅम या भूजलावर काम करणाऱ्या संस्थेबरोबर मिळून. बेसाल्टच्या प्रदेशात भूजल शिकलेल्या माणसांचं ज्ञान वर गेलं. पद्धत जाऊ शकते: झऱ्यांची यादी, नियमित मोजमाप, गावाची घडी समजून घेणं, खडकाचा नकाशा, पाणी मुरण्याचं क्षेत्र शोधणं आणि मग काम. आकडे मात्र जात नाहीत. हिमालयात घड्या पडलेले, भंगलेले खडक आहेत. भूकंप आणि वितळणारं बर्फ आहे. सह्याद्रीत लाव्ह्याचे आडवे थर एकावर एक आहेत. सच्छिद्र मांजऱ्या खडकातून पाणी खाली उतरतं, कठीण पाषाणावर किंवा तांबड्या पट्ट्यावर अडतं आणि आडवं सरकून कड्याच्या पोटातून बाहेर येतं. म्हणून इथे मुरण्याचं क्षेत्र पुष्कळदा झऱ्याच्या वरच्याच सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळावर, सापडतं, आणि तो सडा दुसऱ्या गावाच्या हद्दीत किंवा वनखात्याकडे असू शकतो. दरडीच्या इशाऱ्याचंही तेच. किती तासांत किती पाऊस झाला की धोका, हा आकडा दार्जिलिंग किंवा निलगिरीसाठी काढलेला असेल तर तो रायगडला लावता येत नाही. इथल्या दरडींची तारीख-वेळ आणि इथल्या पावसाची जोडलेली नोंदच तो आकडा देईल.

झाडांबद्दल थोडक्यात. कासचं पठार ज्यांनी पाहिलं आहे त्यांना सडा म्हणजे ओसाड जमीन नव्हे, हे सांगायला नको. तिथे खड्डे खणून रोपं लावणं म्हणजे त्या पठाराच्या वनस्पती मारणं. दुसरं असं की पातळ मातीच्या तीव्र उतारावर मुळं वरच्या थोड्या थराला धरतात. घसरण त्याखालच्या खडकाच्या सीमेवर होणार असेल तर झाडासकट उतार खाली येतो. आणि वस्तीच्या डोक्यावर, आधीच भेगाळलेल्या उतारावर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे एका पातळीत खणलेले चर, काढले तर आपण स्वतःहून तिथे पाणी मुरवतो. झाड कुठे, चर कुठे आणि दोन्ही कुठे नकोत, हे ठरवायलाच वर सांगितलेला नकाशा लागतो.

राहिला करारांचा मुद्दा. पुष्कळ करार कागदावरच राहतात, ही तक्रार रास्त आहे. पण त्यावर उपाय करार बंद करणं नाही, कारण ते का फसतात ते माहीत आहे.

पहिलं कारण वेळापत्रक. झरा सर्वांत कमी वाहतो एप्रिल-मेमध्ये आणि तेव्हा परीक्षा किंवा सुट्टी असते. जुलैत सत्र सुरू होतं, पण तेव्हा विद्यार्थ्यांना डोंगरावर न्यायला कोणी धजावत नाही, आणि ते बरोबरच आहे. मग भेट होते डिसेंबर-जानेवारीत. समजा तेव्हा १० लिटरची बादली ४० सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला १५ लिटर, दिवसाला २१,६०० लिटर. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या निकषाने ३९२ माणसांचं पाणी. अहवालात ‘पाणी पुरेसं’ असं लिहिलं जातं. मेमध्ये तोच झरा मिनिटाला २ लिटरवर आला तर दिवसाला २,८८० लिटर होतात, म्हणजे ५२ माणसांपुरते. जानेवारीच्या आकड्यावर बांधलेली नळयोजना मेमध्ये कोरडी पडते आणि दोष झऱ्याला दिला जातो. मोजतानाही चूक होते: दगडांच्या फटीतून निसटणारं पाणी धरलं जात नाही. चिकणमातीचा बांध घालून अर्ध्या कापलेल्या पीव्हीसी पाइपातून सगळी धार एकत्र आणायची, तीनदा मोजायचं, सरासरी घ्यायची. बादली ५ सेकंदांच्या आत भरत असेल तर बादली सोडून व्ही आकाराची खाच असलेली फळी वापरायची आणि खाचेतल्या पाण्याच्या उंचीवरून प्रवाह काढायचा.

दुसरं कारण श्रेय. विद्यार्थी वर्षभर नोंदी घेतो आणि गुणपत्रिकेवर त्याचं काहीच दिसत नाही. नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्र प्रकल्प आणि समाजसहभाग प्रकल्पांना क्रेडिट आहेत, आणि क्रेडिट बँकेमुळे दुसऱ्या संस्थेत मिळवलेलं क्रेडिट स्वतःच्या पदवीत धरता येतं. तरीही दोन विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी विषयाचं नाव, तास आणि मूल्यमापन आधी मान्य केलं नसेल तर ते अडतं. हे करारावर सही होण्यापूर्वी व्हायला हवं, नंतर नाही.

तिसरं, वस्तू आणि नोंदी कोणाच्या? प्रकल्प तीन वर्षांचा असतो. चौथ्या पावसाळ्यात मापकाची बॅटरी संपते, सिमकार्डाचं रिचार्ज कोणाच्या खात्यातून करायचं ते ठरलेलं नसतं आणि नोंदी एका प्राध्यापकांच्या लॅपटॉपवर असतात. त्यांची बदली झाली की काम संपलं. म्हणून करारात उपकरणाची मालकी स्थानिक महाविद्यालयाकडे, दुरुस्तीचा खर्च मोठ्या संस्थेकडे, नोंदींची एक प्रत दर महिन्याला दोन्हीकडे, आणि प्रत्येक संस्थेचे किमान दोन जबाबदार पदनाम, असं स्पष्ट लिहावं. व्यक्तीचं नाव लिहू नये, पद लिहावं.

चौथं, गावाची परवानगी. शहापूर, मोखाडा, जव्हार हे अनुसूचित क्षेत्र आहे. तिथे पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या पंचायतींच्या कायद्याखाली ग्रामसभेचा अधिकार आहे. वनजमीन असेल तर वनविभागाची वेगळी परवानगी लागते, आणि ती पावसाळ्याआधी हातात हवी असेल तर अर्ज दिवाळीच्या सुमारास जायला हवा. निष्कर्ष मराठीत, दोन पानांत, नकाशासकट ग्रामसभेपुढे वाचून दाखवण्याची तारीखही करारातच असावी. गावाला आपल्या झऱ्याचा आकडा परत मिळाला नाही तर पुढच्या वर्षी कोणी बादली धरायला येणार नाही.

‘शिकून पोरं शहरातच येणार’ अशी पुस्तीही या मजकुराला कधी जोडलेली असते. मिलान विद्यापीठाने डोंगरी प्रदेशाचा पदवी अभ्यासक्रम आल्प्समधल्या एडोलो या चार-साडेचार हजार वस्तीच्या गावातच नेऊन ठेवला. इटलीच्या आर्थिक राजधानीला जे जमलं, ते आपल्या आर्थिक राजधानीला कर्जत किंवा जव्हारमध्ये का जमू नये?

सुरुवात एवढ्यापासून करता येईल: एक मोठी संस्था, एक स्थानिक महाविद्यालय, एक वाडी, तीन झरे, दोन पर्जन्यमापक, आणि गावातल्याच दोन तरुणांना वर्षभराचं मानधन. ते मानधन परीक्षा आणि सुट्टीच्या महिन्यांतही थांबणार नाही, हे कलम करारात असलं पाहिजे.