बेटावर जायचंय? आधी सोसायटीची सभा झेलून दाखव

भाच्यानं परवा पुन्हा तोच फॉरवर्ड पाठवला. "मामा, आयर्लंड सरकार बेटावर राहायला जाणाऱ्याला ७१ लाख देतंय. भरा बॅग!" खाली एकही हसरा चेहरा नव्हता, म्हणजे पोरगं गंभीर आहे. कोथरूड ते हिंजवडी, येऊन-जाऊन रोज तीन तास गाडीत. मी फोन केला तर म्हणाला, "चार शेळ्या, दोन सोलर पॅनल, भाजीचा वाफा. बास. आणि मुख्य म्हणजे मामा, माणसं नकोत."

त्या ७१ लाखांचं आधी सांगून टाकतो, कारण हा मेसेज तुमच्याही ग्रुपवर फिरलेला असणार. जून २०२३ मध्ये आयर्लंडनं बेटांसाठी धोरण जाहीर केलं. त्यातली रक्कम ८४,००० युरोंपर्यंतची, पण ती मिळते पडीक घर दुरुस्त करायला. घर आधी आपण विकत घ्यायचं, ते किमान दोन वर्षं रिकामं असायला हवं, आणि सुतार-गवंडी बोटीतून आणून ते राहण्याजोगं करायचं. व्हिसाचा तर त्यात उल्लेखच नाही. त्याआधी २०२१ मध्ये स्कॉटलंडनं बेटांवर राहणाऱ्या किंवा राहायला जाणाऱ्या शंभर जणांना ५०,००० पौंडांपर्यंत देण्याची कल्पना मांडली होती. लोकांची मतं मागवल्यावर पुढच्याच वर्षी ती गुंडाळली. फॉरवर्ड मात्र अजून फिरतायत.

तरी भाच्याला हसायचा मला अधिकार नाही. असलंच एक बेट बघायला मी ग्लासगोहून सव्वापाच तास रेल्वेनं आणि वर सव्वा तास बोटीनं गेलो होतो. लेक ग्लासगोला असते. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात आम्ही दोघं तिच्याकडे गेलो, तेव्हा तिनं विचारलं, "बाबा, एडिंबरोचा किल्ला बघायचा का?" मी म्हटलं, मला एगला ने. वीज मंडळात ३१ वर्षं काढलेल्या माणसाला किल्ल्यापेक्षा मीटर बघण्यात जास्त रस असतो, हे आमच्या हिला चांगलं ठाऊक आहे. तिनं नुसता सुस्कारा सोडला.

एग हे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळचं बेट. उच्चार इंग्रजीतल्या अंड्यासारखाच, त्यावरून करायचे सगळे विनोद आम्ही, जिथून बोट सुटते त्या मालेगच्या धक्क्यावरच संपवले. लांबी साधारण नऊ किलोमीटर, रुंदी पाच. मध्ये स्गूर नावाचा काळा कडा, ३९३ मीटर उंच, लांबून एखाद्या गडाच्या बुरुजासारखा दिसतो. वस्ती शंभराच्या थोडी वर. मुख्य भूमीवरून ना पूल, ना विजेची तार. पाहुण्यांना गाडी नेता येत नाही. धक्क्यापाशी एक दुकान, एक चहाची जागा. बोट आली की निम्मं बेट तिथं जमतं. कुणाची औषधं, कुणाची दाराची बिजागरी, कुणाचा पाहुणा.

२००८ च्या फेब्रुवारीपर्यंत तिथं घरटी डिझेल जनरेटर होता. मुख्य भूमीवरून समुद्राखालून केबल आणायची तर न परवडणारा खर्च. मग त्यांनी स्वतःचीच वीज कंपनी काढली. ओढ्याच्या पाण्यावर सुमारे ११० किलोवॉट, सहा-सहा किलोवॉटच्या चार पवनचक्क्या, काही सोलर पॅनल, बॅटऱ्या, आणि अडीअडचणीला डिझेल सेट. सुमारे अकरा किलोमीटर केबल जमिनीखालून घराघरात नेलेली. वर्षभराच्या विजेपैकी नव्वद टक्क्यांच्या वर पाणी, वारा आणि ऊन यांच्यातून येते. दुरुस्तीला बेटावरच्याच काही जणांना शिकवून तयार केलंय. म्हणजे तक्रार करायची तर शेजाऱ्याकडेच, आणि तोच संध्याकाळी पान्हा घेऊन येणार!

हे सगळं मी वाचून गेलो होतो. बघायची होती ती मर्यादा. प्रत्येक घराला एका वेळी पाच किलोवॉट, धंद्याच्या जागेला दहा. त्याच्या वर गेलात की वीज बंद. पुन्हा चालू करायला माणूस येणार आणि दंड भरायचा. आम्ही उतरलो होतो त्या घराच्या बाईंनी मला स्वयंपाकघरातलं छोटं मीटर दाखवलं. आकडा १.२. त्यांनी किटली लावली, आकडा ४ च्या वर. मला म्हणाल्या, कपडे धुवायचं मशीन आता नाही, चहा झाल्यावर. दंड कितीदा भरलात, असं विचारलं तर हसून दुसऱ्या घराकडे बोट दाखवलं.

आता आपला हिशोब करा. ठाण्यातला आमचा टू बीएचके. बाथरूममधला इन्स्टंट गीझर तीन किलोवॉट. दीड टनाचा एसी दीड धरा, दोन खोल्यांत दोन लावले की तीन. मायक्रोवेव्ह सव्वा. मे महिन्यातल्या सकाळी सात वाजता, कुणालाही काही चैन केल्यासारखं न वाटता, आम्ही सात किलोवॉटच्या वर असतो. आणि घरात माणसं किती? दोन. तिथं सबंध बेट मिळून जेवढी वीज करतं, तेवढी आमच्या सोसायटीचे ५६ फ्लॅट उन्हाळ्यातल्या एका सकाळी सहज ओढतील.

भाच्याला हा भाग फार आवडला. "तेच तर मामा! मर्यादेत जगायचं!" पण बाळा, ती मर्यादा ठरवली कुणी, आणि कशी? तिथं माझं घोडं अडलंय.

ती ठरली मीटिंगांत. एका नव्हे, ढिगानं. पाच का, आठ का नाही? म्हाताऱ्या एकट्या बाईला आणि पाच पोरांच्या घराला सारखीच का? ज्याच्या शेतातून ओढा जातो त्याला जास्त का नको? हे प्रश्न तिथं आले नसतील असं मला कुणी सांगू नये, मी आयुष्यभर लोकांची लोड मंजुरी बघितलीय. शेवटी सगळ्यांना एकच माप, हा तोडगा निघाला आणि तो टिकलाय. पाऊस कमी झाला, ओढा आटला की वापर आवरा, असं सांगावं लागतं आणि लोक आवरतात. उलट वादळात वीज जादा झाली की ती वाया न घालवता चर्च आणि सभागृह गरम करायला वळवतात. म्हणजे भर हिवाळ्यातल्या वादळात बेटावरची उबदार जागा कोणती, तर सभेची खोली. मला हे फार आवडलं.

याच्याही आधीची गोष्ट महत्त्वाची आहे. एगला पूर्वी मालक असायचा. अख्खं बेट एका माणसाचं, लोक त्याची कुळं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पाचशेच्या वर वस्ती होती. १८५३ मध्ये ग्रूलिन नावाच्या वाडीतल्या चौदा कुटुंबांना उठवलं, कारण जमीन मेंढ्यांसाठी हवी होती. बरीचशी समुद्रापार गेली. त्या वाडीची जोती अजून आहेत, कड्याच्या पायथ्याशी, गवतात. आम्ही तिथवर चालत गेलो. दगडाच्या भिंती कमरेइतक्या, दरवाज्याची जागा ओळखू येते, आत नेचे. ही म्हणाली, "आपल्या वाडीतलं वरचं घर असंच दिसतं ना आता?" आमचं गाव गुहागर तालुक्यात. माझे वडील तिथून परळच्या गिरणीत आले, त्यांना कुणी हाकललं नव्हतं. भातानं पोट भरेना, एवढंच. तेव्हा ते साधं जगणं सोडून आले आणि कधी त्याबद्दल हळवे झालेले मी त्यांना पाहिलं नाही. हळवे आम्ही होतो, मे महिन्यात, आंबे खाताना.

तर एगला विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत मालक बदलत राहिले. १९९४ मध्ये तेव्हाच्या मालकाची जुनी रोल्स रॉइस एका रात्री जळून खाक झाली, कशी ते गूढच राहिलं. पुढच्या वर्षी बेट एका जर्मन चित्रकाराकडे गेलं. तेव्हा तिथं जेमतेम ६५ माणसं उरली होती आणि घर दुरुस्त करायलाही पुढच्या मालकाच्या मर्जीचा भरवसा नव्हता. मग लोकांनीच ठरवलं, बेट आपणच घ्यायचं. जगभरातून वर्गणी आली. त्यातला मोठा वाटा नाव न सांगणाऱ्या एका बाईंनी दिला. पंधरा लाख पौंड जमवून १२ जून १९९७ रोजी बेट ट्रस्टच्या नावावर झालं. रहिवासी, तिथली हायलँड कौन्सिल आणि वन्यजीवांसाठी काम करणारी संस्था, असे तिघं त्यात आहेत. वीज त्यानंतर अकरा वर्षांनी आली. आधी जमीन, मग वीज. पवनचक्कीचे फोटो सगळे टाकतात, सातबाराचा कुणी टाकत नाही.

माझं म्हणणं आता सरळ सांगतो. भाचा ज्यासाठी बेटावर जाऊ म्हणतो, ते, म्हणजे माणसांपासून सुटका, बेटावर अजिबात मिळत नाही. ठाण्यात मला वरच्या मजल्यावरच्याशी बोलायचं नसेल तर वर्षभर न बोलता निघतं. लिफ्टमध्ये मोबाईल बघायचा. तिथं शंभर माणसांत भांडण झालं तर बोट एकच, दुकान एकच, आणि तुमचा फ्युज लावणारा तोच. घर बांधायला जागा हवी तर तिचा निर्णय शेजाऱ्यांच्या हातात. पोरं प्राथमिक शाळेपर्यंत घरी, पुढच्या शिक्षणाला मालेगला, वसतिगृहात. त्यासाठी आठवड्याचा निरोप समारंभ धक्क्यावर. समुद्र खवळला की बोट रद्द. आमचीही झाली. एक दिवस जादा राहिलो, आणि त्या बाईंनी आम्हाला फडताळातलं उघडून जेवू घातलं, पैसे घ्यायला तयार नव्हत्या.

आणि जिथं माणसं कमी पडतात तिथलं काय होतं तेही त्याच समुद्रात लिहिलेलं आहे. सेंट किल्डा, आणखी लांब, अटलांटिकात. शेकडो वर्षं लोक समुद्रपक्षी आणि मेंढ्यांवर जगले. आपल्या रीलवाल्यांनी डोक्यावर घेतलं असतं असं शाश्वत जगणं. २९ ऑगस्ट १९३० रोजी शेवटची ३६ माणसं बोटीत बसून निघून गेली. कुणी हाकललं नाही, त्यांनीच सरकारला विनंतीअर्ज केला होता. घराघरात बायबल उघडं ठेवलं आणि शेजारी ओटची छोटी रास, असं सांगतात.

लांब कशाला, गेटवेवरून बोटीनं तासाभरात घारापुरी. लेणी बघून आपण परत येतो, पण राजबंदर, मोरबंदर, शेतबंदर या तीन वस्त्यांत माणसं राहतात. मुंबईचा लखलखाट समोर दिसायचा आणि यांच्याकडे संध्याकाळचे काही तास जनरेटर. समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून कायमची वीज पोचली फेब्रुवारी २०१८ मध्ये. आमच्याच खात्यातल्या लोकांनी टाकली, म्हणून अभिमानही आहे. वीज आली त्या दिवशी घारापुरीच्या एखाद्या आजीला कुणी जाऊन विचारलं असतं, की आजी, तुमचं साधं जगणं आता संपलं, वाईट नाही का वाटत, तर तिनं त्याला जेट्टीवरूनच परत पाठवला असता. पंखा बंद करायचा आनंद पंखा असलेल्यालाच मिळतो.

एगवालेही अंधारात राहात नाहीत, हे मुद्दाम सांगतो. फ्रीज आहे, वॉशिंग मशीन आहे, इंटरनेट आहे. त्यांनी वीज नाकारली नाही, वाटून घेतली. आणि वाटून घेण्यासाठी शहर सोडावं लागतं का, तिथंच मी अडकलोय.

कारण आमच्या गच्चीवर ऊन भरपूर आहे. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे त्यावर आरामात चालतील. केंद्राच्या योजनेत सोसायट्यांना किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदानही आहे. मी आकडेमोड करून, नकाशा काढून दिला. दोन वेळा विषय सभेत आला. पहिल्यांदा पहिल्या मजल्यावरचे म्हणाले, आम्ही लिफ्ट वापरत नाही, आम्ही का भरायचे? दुसऱ्यांदा पापड वाळवायला जागा उरणार नाही, यावर पन्नास मिनिटं गेली. (पापड आमच्याच घरचे असतात, ही गोष्ट मी सभेत बोललो नाही.) मग कोरम मोडला.

भाच्याला हे सगळं लिहून पाठवलं, याहून लांब. उत्तर आलं, "मामा, पण तिथली माणसं वेगळी असतील ना." मी त्याला सांगितलं, त्या बाई आणि त्यांचा शेजारी कुत्र्यावरून सहा महिने बोलत नव्हते, हे त्यांनी मला चहा होईपर्यंतच्या वेळात सांगितलं होतं. मीटर मात्र दोघांचं पाचावरच.

येत्या रविवारी आमची वार्षिक सभा आहे, सकाळी दहाला, म्हणजे साडेदहाला. विषय क्रमांक सात, गच्चीवरील सोलर, तिसऱ्यांदा. भाच्याला बोलावलंय, बस मागच्या खुर्चीवर आणि बघ. तो विचारतोय किती वेळ चालेल, कारण त्याला दुपारी मुळशीला एक प्लॉट बघायला जायचंय.