खुलासा : टॅरोतील ‘मृत्यू’ कार्डाविषयी

सकाळी टॅरोच्या, म्हणजे भविष्य पाहण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या चित्रकार्डांच्या, संचातून ‘मृत्यू’ हे तेरावे कार्ड निघाले की वर्षभरात घरातील कोणीतरी दगावते, असा संदेश सध्या फिरत आहे. तो निराधार आहे, आणि त्यामुळे माणसे हकनाक धास्तावतात याचे फार वाईट वाटते. संचात ७८ कार्डे असतात. रोज एक काढणाऱ्याच्या हाती हे कार्ड वर्षातून सरासरी चार-पाच वेळा येणारच. पामेला कोलमन स्मिथ यांनी रेखाटलेल्या आणि १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या चित्रात पांढऱ्या घोड्यावर सांगाडा बसलेला आहे खरा, पण मागे दोन मनोऱ्यांमधून सूर्यही दिसतो, म्हणूनच अभ्यासक त्याचा अर्थ एखादा टप्पा संपणे असा लावतात. ते पाहून कोणाला महिनोन्‌महिने लांबणीवर टाकलेला राजीनामा आठवला, तर तो बोध कार्डाने दिलेला नसून त्याच्याच मनात आधीपासून असतो. टॅरोचा उगम प्राचीन इजिप्तमध्ये झाला, हे त्याच संदेशातील विधानही चुकीचे आहे; ही कार्डे पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळासाठी तयार झाली.