पेट्रोलदान करणाऱ्यांसाठी काही उपयुक्त सूचना

मोटारसायकलच्या टाकीतलं पेट्रोल चोरीला गेलं की सांगलीत एकच सल्ला मिळतो, "झाकणाला चांगलं लॉक बसवा की!" परवा हा सल्ला पुन्हा ऐकून घ्यावा लागला, तोही दहा रुपयांची पावती फाडून गाड्या सांभाळायला बसलेल्या इसमाकडून. झाकण बंद होतं, लॉक शाबूत होतं, चावी खिशात होती. पेट्रोल खालून, पाइप काढून गेलं होतं. कॉक, म्हणजे टाकीखालची पेट्रोलची तोटी, रिझर्व्हवर फिरवलेला, म्हणजे काम अगदी मनोभावे, शेवटच्या थेंबापर्यंत झालेलं. तरी दोष झाकणाचा. तेव्हा यापुढे चोरी हा शब्द सोडून द्यावा आणि दान म्हणावं. हे पुण्यकर्म नेमाने करायची ज्यांची इच्छा आहे, त्यांनी पुढच्या गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

सगळा जीव झाकणात गुंतवा. टाकीच्या खाली चुकूनही वाकून बघू नका. कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोल-हवा मिसळून इंजिनाला देणारा जुना भाग असलेल्या गाडीत पेट्रोल स्वतःच्या वजनानेच खाली येतं. कॉकपासून कार्बोरेटरपर्यंत वीतभर रबरी पाइप असतो आणि त्याच्या टोकांना तारेची क्लिप, जी चिमटीत दाबली की सरकते. पाना लागत नाही, स्क्रू ड्रायव्हर लागत नाही. ऑनवरची धार थांबली की कॉक रिझर्व्हला फिरवायचा, कारण ऑनची नळी टाकीत उभी असते आणि रिझर्व्हचं भोक तळाशी. या सगळ्या व्यवहारात तुमच्या महागड्या लॉकच्या झाकणाचं योगदान एवढंच, की त्यातल्या हवेच्या छिद्रातून आत हवा जात राहते आणि धार तुटत नाही!

म्हणून चावीचा कॉक मिळतो तो बसवू नका. तारेची क्लिप काढून तिथे स्क्रूचा छोटा क्लॅम्प तर अजिबात लावू नका, समोरच्याचा उगाच खोळंबा होतो. लावलाच तर जीव खाऊन आवळा, म्हणजे त्याची कड पाइपात रुतून पाइप चिरेल आणि पेट्रोल आपोआप रस्त्याला लागेल. दान झाल्यानंतर क्लिप जागेवर बसली आहे का, पाइप ओला आहे का, हे न बघताच किक मारा. सैल पाइपातून ठिबकणारं पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडलं तर काय होतं, हे प्रत्यक्ष बघण्याची संधी रोज येत नाही.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (म्हणजे धुराच्या नव्या नियमातल्या) गाड्यांच्या मालकांची मात्र पंचाईत आहे. बहुतेक गाड्यांना फ्यूल इंजेक्शन आलं, पंप टाकीच्या आत गेला आणि चावी ऑन केल्याशिवाय तो फिरत नाही. नुसता पाइप ओढून बाटली भरत नाही. तिथे वरूनच नळी घालावी लागते, म्हणजे तिथे झाकणाचं लॉक खरोखर कामाचं आहे. तेव्हा या मंडळींनी लॉकची नासाडी मन लावून करावी. आत पितळेच्या पातळ पात्या आणि बारीक स्प्रिंगा असतात. चावी घासली, पात्या झिजल्या की दुसऱ्याच गाडीची चावी जरा हलवून फिरते. चावीवाल्याकडे झिजलेली चावीच नमुना म्हणून द्या, म्हणजे झीजसुद्धा हुबेहूब उतरेल. नव्या गाडीबरोबर चावीचा नंबर मिळाला असेल तर तो हरवून टाका. लॉक अडकायला लागलं की ग्रॅफाइटची पूड घालायची नसते, खोबरेल तेल सोडायचं असतं. त्यावर धूळ बसून महिनाभरात छान चिखल होतो.

टाकीवर 'देव बघतोय' असं स्टिकर लावा.

झाकण बदलायची वेळ आली की कंपनीचा लॉकसेट घेऊ नका. इग्निशन, टाकी आणि साइड पॅनेलला एकच चावी, यात मजा ती काय? दोन-अडीचशेचं चकाकणारं झाकण घ्या आणि आत हवेचं छिद्र आहे का हे विचारू नका. टाकीतून पेट्रोल जातं तेवढी हवा आत यावी लागते, नाहीतर आत पोकळी होते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. गाडी गावात नीट चालते. मग मिरजेच्या पुढे दंडोबाचा चढ लागला की गचके खाते आणि बंद पडते. पाच-दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू! मेस्त्री प्लग बदलतो, कार्बोरेटर साफ करतो, एअर फिल्टर झटकतो, कॉइलवर संशय घेतो. बिल होतं, गाडी पुन्हा त्याच चढावर बंद. गाडी बंद पडल्या पडल्या झाकण उघडलं आणि 'फुस्स' असा आवाज येऊन ती लगेच चालू झाली तर दुखणं झाकणात आहे, हे तपासायला फुकट आणि अर्धं मिनिट लागतं. पण फुकटच्या तपासणीवर विश्वास कोण ठेवतो? शिवाय अशा झाकणाचं रबर पेट्रोलमध्ये फुगतं, मग झाकण बसत नाही, मग ते तळहाताने ठोकून बसवायचं, मग चावी आत वाकते. बीएस-६ ला तर टाकीची वाफ कोळशाच्या डब्यात नेण्याची व्यवस्था असते, तिथे हे बाजारू झाकण म्हणजे सगळाच आनंद.

एप्रिल-मे मध्ये टाकी काठोकाठ भरा. दहा लिटर पेट्रोल २० अंशांनी तापलं की साधारण २०० मिली फुगतं. लॉक कितीही भारी असलं तरी ते झाकणातून वाट काढून रंगावर ओघळतं.

पावसाळ्यात आणखी सोपं आहे. टाकीशी सपाट बसणाऱ्या झाकणाभोवती खोलगट जागा असते आणि तिथलं पाणी खाली सोडायला बारीक भोक असतं. ते धुळीने बुजू द्या. पाणी झाकणाभोवती साचेल आणि पंपावर झाकण उघडलं की सरळ टाकीत. भोकात मऊ तार फिरवून, झाकण बंद ठेवून चमचाभर पाणी ओतायचं आणि गाडीखाली ठिबकतंय का बघायचं, एवढंच काम आहे, म्हणून कुणी करत नाही. त्यात आता पेट्रोल ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉल पाणी शोषून घेतं आणि पाणी प्रमाणाबाहेर झालं की त्याच्यासकट वेगळं होऊन तळाशी बसतं, जिथून इंजेक्शनचा पंप ओढतो.

कुणावर राग असेल तर त्याच्या टाकीत साखर टाका. आपल्या जिल्ह्यात साखरेला काय तोटा! पण साखर पेट्रोलमध्ये विरघळत नाही. तळाशी बसते, कॉकची जाळी तुंबवते, टाकी उतरवून धुतली की निघते. खरी वाट लावायची तर पाणी आणि माती पुरते. कुणी टाकीशी खेळल्याचा संशय असेल तर इंजेक्शनच्या गाडीची चावी नुसती ऑन करून 'बघायला' विसरू नका. पंप लगेच दोन-तीन सेकंद फिरून घाण ओढून घेतो. कार्बोरेटरवाल्यांनी खालचा ड्रेन स्क्रू सोडून पारदर्शक बाटलीत पेट्रोल काढून बघायचं नसतं. तळाशी पाण्याचा थर दिसला तर उगाच जिवाला घोर.

आता दान घेणाऱ्यांसाठी. नळी तोंडाने ओढा. पेट्रोल फुप्फुसात गेलं तर मिरजेला दवाखान्यांची कमतरता नाही. गिळलं गेलं तर घरच्यांनी मीठ-पाणी पाजून उलटी काढू नये, उलटीबरोबर तेच पेट्रोल श्वासात जातं. सरळ दवाखान्यात न्यावं. हा मुद्दा उपरोधिक नाही.

कायद्याची चिंता करू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ प्रमाणे पाच हजारांच्या आतली चोरी, पहिलाच गुन्हा आणि माल परत केला, तर शिक्षा समाजसेवेची. दोन लिटर म्हणजे दोनशेच्या वर. माल परत करायची वेळ येण्याइतका तपास कोण करतं?

आणि मुख्य सूचना: गाडी पैसे देऊनच लावा. पावतीवर बारीक अक्षरात 'वाहन मालकाच्या जबाबदारीवर' लिहिलेलं असतं, ते वाचू नका. हॉटेलच्या व्हॅले पार्किंगमधून, म्हणजे चावी हॉटेलच्या माणसाकडे देऊन लावलेली, गाडी गेली तर अशा ओळीमागे लपता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं. पण तिथे चावी हॉटेलच्या ताब्यात दिलेली होती, आपली चावी आपल्या खिशात, म्हणून लगेच हात वर! दिवा नाही, कॅमेरा असला तर बंद, आणि गाड्या इतक्या चिकटून लावलेल्या की मध्ये कोण वाकून बसलंय ते दिसत नाही. मग रिकामी गाडी ढकलत पंपावर जा, कारण 'बाटलीत पेट्रोल मिळणार नाही' हा नियम. ज्याचं पेट्रोल गेलं त्याला बाटलीत मिळत नाही, ज्याने नेलं त्याची बाटली केव्हाच भरलेली!

बास झालं आता. दहा रुपये घेता ना? मग दिवा लावा, रांगेत फिरायला जागा सोडा, तासातून एकदा उठून चक्कर मारा. जमत नसेल तर पैसे घेऊ नका, लोक रस्त्यावर लावतील. गाडीवाल्यांनीही रबरी पाइप आणि क्लिप वर्षातून एकदा बदलून घ्यायला काय होतं? मोबाइलच्या काचेवर पाचशे घालता आणि वीतभर पाइपाला पन्नास रुपये जड जातात? आणि गल्लीतली जी मंडळी "पोरं आहेत, चालायचंच, दोनशेचं तर होतं" म्हणतात, त्यांनी लाज बाळगावी. ही चोरीच आहे आणि पोरं कुणाची आहेत ते तुम्हाला माहीत आहे. घरातलं पोरगं दिवसभर गाडी उडवतं आणि पेट्रोलला पैसे मागत नाही, याचं कौतुक करत बसू नका. विचारा त्याला, पेट्रोल कुठनं आणतोस?