लिंबूपाण्याने कॅन्सर बरा होत नाही: त्या फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

'लिंबू केमोथेरपीपेक्षा १०,००० पट प्रभावी. गरम पाण्यात फोडी टाकून रोज प्या, गाठी विरघळतात. लिंबू रक्त अल्कलाइन करतं. स्वस्त आहे म्हणून औषध कंपन्यांनी हे दाबून ठेवलं. करून बघा, नुकसान तर काहीच नाही.' सोलापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे. ज्यांच्या घरी पेशंट आहे त्यांच्यापर्यंत तो सगळ्यात आधी पोचतो, म्हणून त्याला गप्प बसून सोडून देणं मला पटत नाही.

१०,००० पट कशावरून? लिंबाच्या सालीत आणि बियांत लिमोनॉइड नावाची द्रव्यं असतात, आणि प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशींवर त्यांचे प्रयोग झाले आहेत. पण बशीतल्या पेशी साबणानेही मरतात. नुसत्या लिंबूपाण्याने माणसाचा कॅन्सर बरा झाला, असं दाखवणारी एकही चाचणी नाही.

रक्त अल्कलाइन होण्याचं तर विसराच. रक्ताचा पीएच (ते किती आम्ल, किती अल्कलाइन याचं माप) ७.३५ ते ७.४५ च्या मध्ये फुप्फुसं आणि मूत्रपिंडं धरून ठेवतात. लिंबाने फार तर लघवीचा पीएच बदलेल.

'कंपन्यांनी दाबून ठेवलं' हा मुद्दा लोकांना सगळ्यात जास्त पटतो, आणि तोच सगळ्यात पोकळ आहे. सदाफुली लिंबाहून स्वस्त. आपल्याकडे कंपाउंडच्या कडेला, कुणी पाणी घातलं नाही तरी फुलते. तिच्यातूनच विनब्लास्टिन आणि विन्क्रिस्टिन ही औषधं निघाली. लहान मुलांच्या ल्युकेमियावर, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरवर, विन्क्रिस्टिन आजही देतात. कंपन्यांनी सदाफुली लपवली नाही, तिच्यातलं द्रव्य काढून विकलं. (म्हणून पानं चावायला जाऊ नका, ती विषारी आहेत.) लिंबात तसं काही सापडलं असतं तर त्याचंही इंजेक्शन कधीच बाजारात आलं असतं. फायझरसारखी औषध कंपनी तर सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे लिंबातलं आम्ल, विकूनच मोठी झाली. आधी ते इटलीतल्या लिंबांच्या कच्च्या मालापासून बनायचं, १९१९ पासून कंपनी ते बुरशीच्या मदतीने साखरेपासून बनवू लागली.

लिंबाचा खरा मोठेपणा वेगळा आहे, आणि तो सिद्ध झालेला आहे. १७४७ मध्ये जेम्स लिंड या ब्रिटिश जहाजावरच्या डॉक्टरने स्कर्व्हीच्या, म्हणजे क जीवनसत्त्व कमी पडल्याने होणाऱ्या आजाराच्या, १२ रुग्णांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री आणि लिंबू मिळालेले दोघे झपाट्याने सुधारले. १७९५ पासून नौदलात लिंबाचा रस ठरला. पुढे १८६० च्या दशकात नौदलाने मोठी, पिवळी लिंबं सोडून वेस्ट इंडिजमधली लहान लिंबं घेतली. ती आपल्या कागदी लिंबाच्याच जातीची. त्यांत क जीवनसत्त्व कमी, त्यात रस साठवून शिळा झालेला. १८७५ च्या आर्क्टिक मोहिमेत स्कर्व्ही परत आली. म्हणजे सिद्ध झालेला गुणसुद्धा कुठलं लिंबू आणि किती ताजं, यावर अवलंबून होता. कागदी लिंबाच्या १०० ग्रॅम रसात क जीवनसत्त्व साधारण ३० मिलिग्रॅम, तेवढ्याच पेरूत २०० च्या वर. उन्हाळ्यात सरबत जरूर प्या, वरणभातावर पिळा. औषध म्हणून त्याच्यावर विसंबू नका.

'नुकसान काहीच नाही' हे वाक्य सगळ्यात घातक. केमोत तोंड आलेल्या पेशंटला लिंबाचा रस म्हणजे जखमेवर आम्ल. त्याहून मोठं नुकसान वेळेचं. आधी दोन-तीन महिने लिंबू करून बघू म्हणेपर्यंत गाठ वाढते, आणि ऑपरेशनने निघाली असती ती निघेनाशी होते.

पुरावा कसा असतो ते बघायला लांब जायला नको. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा मेमोरियल यांनी शेजारच्या धाराशिव, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा अभ्यास केला. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले. ज्या गटाला एकदाच एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) तपासणी देऊ केली, त्या गटात या कॅन्सरचे मृत्यू तपासणी नसलेल्या गटाच्या जवळपास निम्म्यावर आले. अभ्यासातल्या तपासणीच्या इतर दोन पद्धतींनी मृत्यूंत ठोस घट दिसली नाही, तेही त्यांनी लपवलं नाही. तिशी ओलांडलेल्या आई-बहिणीला, वहिनीला पाठवायचंच असेल तर या तपासणीची माहिती पाठवा. आणि गाठ लागली, जखम भरेना, पाळी गेल्यावर रक्त गेलं, तर लिंबू चिरत बसू नका; त्याच आठवड्यात डॉक्टरला दाखवा.