मिळमिळीत? मग लुणुमिरिस खाल्लंच नाही तुम्ही

'बेटावरचं जेवण म्हणजे नारळाचं मिळमिळीत दूध, खान्देशी माणसाने ठेच्याची बरणी सोबत न्यावीच' हे श्रीलंकेच्या जेवणावरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. बरणी आम्हीही नेली होती श्रीलंकेला, जळगावहून. गॉलला ज्या घरगुती मुक्कामात उतरलो, तिथल्या मावशी सकाळी पाट्यावर लाल मिरची, जाडं मीठ आणि छोटे कांदे वाटत होत्या, वरून लिंबू पिळलं. लुणुमिरिस म्हणतात त्याला. पहिल्या घासालाच माझ्या आईच्या डोळ्यांत पाणी, आणि म्हणते, "हाऊ ते आपलाच ठेचा शे!" बरणी न उघडता परत आली. तिथला करीचा मसालाही धणे-जिरे पार काळपट होईस्तोवर भाजून करतात. नारळाचं दूध असतं, पण त्या मसाल्यातली कोवळ्या फणसाची भाजी खाताना मला आपली शेवभाजीच आठवत होती. तर्री तेवढी नव्हती.

लेखात एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी होती. लुणुमिरिस काय, खोबऱ्याचं पोल संबोल काय, दोन्हीत बहुतेकदा उंबलकड, म्हणजे सुकवलेल्या टुना माशाचा चुरा असतो. दिसायला काहीच कळत नाही. आई माळकरी. मावशींनी आपणहून विचारलं म्हणून तिचं वेगळं वाटलं गेलं, नाहीतर पंचाईतच होती. शाकाहारी मंडळींनी जेवायला बसण्याआधीच 'उंबलकड नको' एवढं सांगावं. आणि इडिअप्पम, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या शेवया, हातानेच खा, काट्याने त्या नुसत्या पळतात.